कारखान्याचे स्वतःचे मोबाइल जाळे: ‘प्रायव्हेट ५जी’ म्हणजे काय आणि त्यावरून एवढी ओढाताण कशासाठी?

एप्रिल २०२५ मध्ये अर्थविषयक पानांवर एक बातमी आली आणि फारशी चर्चा न होता मागे पडली. अदानी समूहातील अदानी डेटा नेटवर्क्स या कंपनीने २०२२ च्या लिलावात २१२ कोटी रुपयांना घेतलेल्या ४०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या लहरींचे हक्क भारती एअरटेल आणि तिची उपकंपनी भारती हेक्झाकॉम यांच्याकडे देण्याचा करार झाला होता. आम्हाला सामान्य ग्राहकांना मोबाइल सेवा द्यायची नाही, आमची बंदरे, विमानतळ, वीजनिर्मिती आणि मालवाहतूक यांच्यासाठी खासगी जाळे उभारायचे आहे, असे या समूहाने लिलावाच्या वेळी जाहीर केले होते. लिलावाला तीन वर्षे पूर्ण होण्याआधीच त्या लहरी एका मोबाइल कंपनीच्या पदरात जाव्यात, हे वाचून सामान्य वाचकाला दोन प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. एखाद्या बंदराला किंवा कारखान्याला स्वतःचे मोबाइल जाळे हवेच कशाला? आणि हवे असेल, तर ते मिळवणे इतके अवघड का?

अशा खासगी जाळ्यांचा बाजार जगभर वाढतो आहे, तो किती आणि कसा वाढतो आहे याविषयी मात्र बरीच अतिशयोक्तीही होते. तांत्रिक बाजू तशी समजण्यासारखी आहे. खरी गुंतागुंत आहे ती लहरींवर हक्क कोणाचा, या प्रश्नात. म्हणून आधी तंत्र थोडक्यात पाहू आणि मग त्या प्रश्नाकडे सवडीने येऊ.

खासगी जाळे म्हणजे नेमके काय?

आपल्या हातातला फोन चालतो त्यामागे तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे रेडिओ लहरी, ज्यांच्या ठरावीक पट्ट्यांना स्पेक्ट्रम म्हणतात. दुसरी म्हणजे त्या लहरी सोडणारे आणि झेलणारे टॉवर व अँटेना. तिसरी गोष्ट आपल्याला कधीच दिसत नाही. तिला ‘कोअर’ म्हणतात. सिमची ओळख पटवणे, कोणत्या फोनला किती वेग द्यायचा हे ठरवणे, आलेली माहिती कुठे धाडायची हे पाहणे, ही सगळी कामे करणारे संगणक म्हणजे कोअर. मोबाइल कंपनीचे हे संगणक बहुधा मोठ्या शहरातील केंद्रात असतात. त्यामुळे कारखान्यातल्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र पन्नास पावलांवरच्या नियंत्रणकक्षात जायचे असले, तरी ते आधी दुसऱ्या गावाला जाऊन परत येऊ शकते.

खासगी जाळ्यात ही तिन्ही अंगे एकाच संस्थेसाठी, एकाच आवारात असतात. कोअर म्हणजे सर्व्हर रूममधल्या रॅकवर बसणारे एकदोन संगणक. उंच टॉवरऐवजी छताला किंवा खांबाला बसवलेले छोटे अँटेना. आणि त्या संस्थेनेच दिलेली सिमकार्डे. भारतातल्या मोबाइल कंपन्यांच्या सिममध्ये नोंदवलेला ओळख-क्रमांक ४०४ किंवा ४०५ या देशाच्या आकड्यांनी सुरू होतो, तर खासगी जाळ्यांसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ९९९ हा आकडा वेगळा राखून ठेवला आहे. असे सिम आवाराबाहेर नेऊन फोनमध्ये घातले तर ते निरुपयोगी ठरते, आणि बाहेरच्या माणसाचा फोन आवारात आला तरी त्याला हे जाळे थारा देत नाही.

पुणे परिसरातल्या वाचकाला ही रचना कंपनीच्या बसवरून चटकन कळेल. पीएमपीची बस सगळ्यांसाठी असते आणि सगळीकडे जाते, पण शिफ्ट सुटण्याच्या वेळी तिच्यात जागा मिळेलच याची हमी कोणी देत नाही. कंपनीची बस ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी आणि फक्त ओळखपत्र असलेल्यांसाठी धावते. तिचा खर्च कंपनी सोसते, कारण कामगार वेळेवर पोहोचले नाहीत तर होणारे नुकसान बसच्या भाड्याहून मोठे असते.

वाय-फाय असताना हा खटाटोप कशाला?

हा पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप आहे. वाय-फाय स्वस्त आहे, ते लावणारा तंत्रज्ञ गल्लोगल्ली मिळतो आणि त्यासाठी सरकारकडून परवाना घ्यावा लागत नाही. पण परवाना लागत नाही याचाच अर्थ असा, की त्या लहरी शेजारच्या युनिटलाही तितक्याच मोकळ्या असतात. वाय-फायवरचे उपकरण मूळ पद्धतीनुसार आधी कानोसा घेते. हवेत दुसरे कोणी बोलत नसेल तर बोलते, असेल तर थांबून पुन्हा प्रयत्न करते. वीस लॅपटॉपच्या कचेरीत ही पद्धत झकास चालते. शेकडो उपकरणे एकदम बोलू लागली की प्रत्येकाची वेळ कधी येईल हे सांगता येत नाही. मोबाइल जाळ्यात मात्र कोणी, कधी, किती वेळ बोलायचे याचे वेळापत्रक अँटेनामागचे यंत्र ठरवते, आणि उपकरणे ते मुकाट्याने पाळतात.

फरक कुठे जाणवतो, ते एका प्रसंगातून पाहू. मोठ्या शॉप फ्लोअरवर सुटे भाग वाहणाऱ्या, चालकाविना फिरणाऱ्या ट्रॉल्या असतात. कारखान्यात त्यांना एजीव्ही म्हणतात. ट्रॉली एका वाय-फाय यंत्राच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत शिरते तेव्हा जुने कधी सोडायचे आणि नवे कधी धरायचे, हे बहुधा तिचे तिलाच ठरवावे लागते. ती जुन्याच क्षीण संकेताला चिकटून राहिली तर मध्येच क्षणभर संपर्क तुटतो. नियंत्रणाशी संपर्क तुटला की जागच्या जागी उभे राहायचे, हा सुरक्षेचा नियम तिच्यात भरलेला असतो, आणि तो योग्यच आहे. पण एक ट्रॉली उभी राहिली की तिच्या मागच्या दोन थांबतात, पुढे जुळणीच्या ठिकाणी भाग पोहोचत नाहीत आणि कोणीतरी जाऊन ती पुन्हा सुरू करेपर्यंत लाइन थांबते. मोबाइल जाळ्यात हा हस्तांतराचा निर्णय जाळे स्वतः, संकेत क्षीण होण्याआधीच घेते. धावत्या गाडीत फोनवर बोलताना एकामागून एक टॉवर बदलतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, ते याच पद्धतीमुळे.

उघड्यावरच्या कामात हा फरक आणखी वाढतो. खाण, बंदराचे यार्ड, तेलशुद्धीकरण प्रकल्प अशा पसरट जागा झाकायला वाय-फायची जितकी यंत्रे लागतात, त्यापेक्षा बरेच कमी अँटेना मोबाइल तंत्राला पुरतात, कारण परवानाधारक लहरींवर अधिक शक्तीने प्रक्षेपण करता येते. स्वीडनमधील बोलिडेन कंपनीच्या आयटिक या उघड्या तांब्याच्या खाणीत स्वयंचलित ड्रिलिंगसाठी एरिक्सनच्या साहाय्याने मोबाइल तंत्र आणले गेले, ते याच कारणासाठी.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वाय-फाय ६ या नव्या पिढीत वेळापत्रकाची थोडी सोय आली आहे, आणि बहुसंख्य कारखान्यांना, गोदामांना व रुग्णालयांना नीट आखलेले वाय-फाय पुरेसे आहे. विकायला आलेला माणूस हे सांगत नाही, एवढेच.

मग मोबाइल कंपनीचेच जाळे का वापरू नये?

वापरता येते, आणि अनेक जण वापरतात. यासाठी ‘स्लाइसिंग’ नावाची सोय आहे: मोबाइल कंपनी आपल्या सार्वजनिक जाळ्यातला एक हिस्सा एका ग्राहकासाठी बाजूला काढते. कंपनीच्या बसच्या भाषेत, पीएमपीच्या बसमध्ये काही आसने राखून ठेवण्यासारखे. काम भागते, पण बस कुठून जाणार आणि दुरुस्तीला कधी जाणार हे आपल्या हातात राहत नाही.

शिवाय सार्वजनिक जाळे आखले जाते ते आपल्यासारख्या ग्राहकांसाठी, जे पाहतात पुष्कळ आणि पाठवतात थोडे. त्यामुळे ५जीच्या मधल्या पट्ट्यातील बहुतेक सार्वजनिक जाळ्यांत लहरींचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. कारखान्याची गरज नेमकी उलटी असते. तपासणीचे कॅमेरे आणि संवेदक सतत माहिती वर पाठवत असतात, खाली येतात त्या चार आज्ञा. जाळे स्वतःचे असेल तर हे प्रमाण बदलता येते, अर्थात शेजारच्या जाळ्यात व्यत्यय येणार नाही एवढे पाहून.

मालकीचे प्रकारही एकापेक्षा अधिक आहेत, आणि इथेच पुष्कळ घोटाळा होतो. खासगी जाळे म्हणजे लहरीही कारखान्याच्याच मालकीच्या, असे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये एअरटेल आणि टेक महिंद्रा यांनी महिंद्राच्या चाकण येथील वाहननिर्मिती प्रकल्पात ५जीचे असे जाळे उभारल्याचे जाहीर केले. तिथे लहरी आणि जाळे एअरटेलचे, उपयोग कारखान्याचा. आजची गाडी कारखान्यातून बाहेर पडण्याआधी तिच्या पोटातल्या छोट्या संगणकांत सॉफ्टवेअर भरावे लागते. हे काम रेंगाळले तर तयार गाड्या नुसत्याच उभ्या राहतात. चाकणमध्ये या जाळ्यामुळे ते काम वेगाने होऊ लागले आणि रंगकामाची कॅमेऱ्याने होणारी तपासणीही सुधारली, असे या कंपन्यांनी सांगितले. दावा विकणाऱ्यांचा आहे हे खरे, पण कारखान्यात जाळ्याचा उपयोग कुठे होतो याचे हे चांगले उदाहरण आहे. रोबोंची फौज वगैरे कल्पनांपेक्षा अशी नीरस कामेच बहुतेक ठिकाणी या जाळ्यांचा खर्च भरून काढतात.

त्यासाठी ५जीच हवे का?

नाही. मोबाइल तंत्राची जागतिक मानके ठरवणाऱ्या ‘थ्रीजीपीपी’ या मंचाने २०२० मध्ये पूर्ण केलेल्या सोळाव्या आवृत्तीत खासगी जाळ्यांना ५जीमध्ये अधिकृत स्थान मिळाले, म्हणून सगळा प्रचार ५जीच्या नावाने होतो. प्रत्यक्षात जगातली अनेक खासगी जाळी ४जीवर चालतात आणि ती सुखाने चालली आहेत. ५जीचे खरे बळ लागते ते अत्यल्प विलंब किंवा पुष्कळ कॅमेरे असलेल्या कामाला. औद्योगिक वापराला योग्य अशी ५जीची उपकरणे महाग आणि मोजकी असणे, ही या बाजाराची जुनी दुखरी नस आहे. २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या सतराव्या आवृत्तीत ‘रेडकॅप’ ही कमी क्षमतेच्या, स्वस्त उपकरणांची श्रेणी आणली गेली, ती त्यावरच उपाय म्हणून.

लहरी कोणाच्या?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अँटेना विकत मिळतात, कोअरचे सॉफ्टवेअर विकत मिळते, सिम छापून मिळते. लहरी मात्र दुकानात मिळत नाहीत. त्या सार्वजनिक संपत्ती मानल्या जातात आणि त्यांचे वाटप प्रत्येक देशाचे सरकार करते. कोणत्या देशात खासगी जाळ्यांचा बाजार फोफावला आणि कुठे रखडला, याचा खुलासा तंत्रज्ञानापेक्षा या वाटपाच्या नियमांतून अधिक होतो.

जर्मनीने सर्वांत सरळ मार्ग घेतला. ३७०० ते ३८०० मेगाहर्ट्झ हा १०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल कंपन्यांच्या लिलावातून बाहेर काढला आणि नोव्हेंबर २०१९ पासून जमीन किंवा कारखाना असलेल्या कोणालाही आपल्या आवारापुरता त्यासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. शुल्क ठरवण्यासाठी तिथल्या नियामक संस्थेने चक्क एक सूत्र प्रसिद्ध केले. एक हजार युरो ही मूळ रक्कम. तिच्यात मेगाहर्ट्झ, वर्षे आणि पाच यांचा गुणाकार करून तो क्षेत्रफळाने गुणून मिळवायचा. क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये धरायचे, आणि वस्ती व रहदारीच्या भागातले असेल तर सहापट. आता एक चौरस किलोमीटरचा, म्हणजे सुमारे २५० एकरांचा कारखाना घ्या आणि पूर्ण १०० मेगाहर्ट्झ १० वर्षांसाठी मागा. १०० गुणिले १० गुणिले ५ गुणिले ६ म्हणजे ३० हजार, त्यात मूळ एक हजार मिळवले की ३१ हजार युरो. आपल्याकडे ढोबळमानाने तीस लाख रुपये, तेही दहा वर्षांसाठी. तेवढीच जागा शेतजमीन असेल तर सहाने गुणायचे नाही, म्हणून एकूण सहा हजार युरो. मोठ्या वाहन कंपन्यांबरोबर विद्यापीठे आणि संशोधन संस्थाही रांगेत का उभ्या राहिल्या, हे या हिशेबावरून लक्षात येते. आतापर्यंत तिथे असे चारशेहून अधिक परवाने दिले गेले आहेत.

मोबाइल कंपन्यांना हे अर्थातच रुचले नाही. त्याच वर्षी झालेल्या लिलावात त्यांनी एकूण सुमारे ६.५५ अब्ज युरो मोजले होते, आणि १०० मेगाहर्ट्झ बाजूला काढल्यामुळे टंचाई होऊन आम्हाला चढी किंमत द्यावी लागली, ही त्यांची तक्रार होती. तक्रारीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. धोरण म्हणजे कोणाला तरी झुकते माप देणे असते, आणि जर्मनीने ते आपल्या कारखानदारीला दिले.

ब्रिटनने २०१९ मध्येच ३.८ ते ४.२ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात स्थानिक परवाने खुले केले. कमी शक्तीच्या परवान्याचा दर दर १० मेगाहर्ट्झला वर्षाला ८० पौंड असा ठेवण्यात आला. एखाद्या छोट्या कार्यशाळेलाही परवडेल असा. जपानने डिसेंबर २०१९ पासून ‘लोकल ५जी’ या नावाने अशीच व्यवस्था केली.

अमेरिकेचा मार्ग मात्र अजब आणि माझ्या मते सर्वांत कल्पक आहे. तिथे ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झ हा पट्टा मुळात नौदलाच्या रडारसाठी वापरात होता. नौदलाला हटवणे शक्य नव्हते, आणि नौदलाची जहाजे काही सदासर्वकाळ प्रत्येक किनाऱ्यावर उभी नसतात. म्हणून २०१५ मध्ये तीन पायऱ्यांची पद्धत ठरली. सर्वांत वरच्या पायरीवर रडार; मधल्या पायरीवर लिलावात परवाना घेतलेले; आणि खालच्या पायरीवर नोंदणी केलेले बाकी कोणीही, लिलावाविना. प्रत्येक अँटेनाने सुरू होताना आपले ठिकाण एका मध्यवर्ती संगणक-व्यवस्थेला कळवायचे आणि तिने दिलेल्या लहरींवरच बोलायचे. किनाऱ्यावर बसवलेल्या संवेदकांना जहाजाच्या रडारची चाहूल लागली, की ही व्यवस्था काही मिनिटांत त्या परिसरातल्या अँटेनांना दुसऱ्या लहरींवर सरकवते किंवा गप्प करते. एकच जागा वेळ पाहून तिघांना देणारी ही व्यवस्था जानेवारी २०२० पासून व्यापारी वापरासाठी पूर्णपणे खुली झाली.

मधल्या पायरीच्या परवान्यांचा लिलाव २०२० च्या उन्हाळ्यात झाला आणि त्यातून साडेचार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. परवाने जिल्ह्यासारख्या छोट्या घटकांसाठी, म्हणजे काउंटीनिहाय असल्यामुळे बोली लावणाऱ्यांत ट्रॅक्टर बनवणारी जॉन डीअर कंपनीही होती. तिने आयोवा आणि इलिनॉय राज्यांतील आपल्या कारखान्यांच्या परिसरासाठी सुमारे साडेपाच लाख डॉलर मोजून पाच परवाने घेतले. कारण अगदी व्यवहारी होते: जुळणीची रचना बदलायची म्हटले की केबल उखडून पुन्हा टाकाव्या लागत, आणि तेवढ्यासाठी बदल पुढे ढकलले जात. बिनतारी आणि भरवशाचे जाळे असले की यंत्र उचलून दुसरीकडे ठेवले, की काम सुरू.

चीनचे गणित यापेक्षा वेगळे आहे. तिथे सरकारी मोबाइल कंपन्याच उद्योगांसाठी आपल्या जाळ्यातून आभासी खासगी जाळी काढून देतात आणि त्यांची संख्या सरकारी आकडेवारीत हजारोंच्या घरात सांगितली जाते. त्यामुळे जागतिक आकडे वाचताना चीन धरला आहे की नाही, हे आधी पाहावे.

भारतात गाडी कुठे अडली?

कागदावर भारताने उशीर केला नाही. एप्रिल २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने खासगी जाळ्यांसाठी काही लहरी राखून ठेवण्याची शिफारस केली. जूनमध्ये केंद्र सरकारने लिलावाला मंजुरी देतानाच अशा जाळ्यांना वाट करून दिली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दूरसंचार विभागाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत चार वाटा आहेत: मोबाइल कंपनीच्या जाळ्यातला हिस्सा घेणे, तिच्याकडून आवारात वेगळे जाळे उभारून घेणे, तिच्याकडून लहरी भाड्याने घेऊन जाळे स्वतः चालवणे, आणि सरकारकडून थेट लहरी मिळवणे. परवान्यासाठी ५० हजार रुपये अर्ज-शुल्क आहे. प्रवेश शुल्क आणि वार्षिक परवाना शुल्क नाही. जाळे केवळ स्वतःच्या वापरासाठी असावे, त्यावरून इतरांना सेवा विकता येणार नाही आणि ते सार्वजनिक फोन जाळ्याला जोडता येणार नाही, अशा अटी आहेत. थेट लहरींची वाट धरण्यासाठी १०० कोटी रुपयांपेक्षा जास्त नक्त मालमत्ता असावी लागते.

अडचण अशी, की चौथी वाट अजून केवळ नकाशावरच आहे. मागणी किती आहे याचा अंदाज घेतला गेला, लहरी मात्र दिल्या गेल्या नाहीत.

मोबाइल कंपन्यांच्या संघटनेचा, म्हणजे सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशनचा याला ठाम विरोध आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: २०२२ च्या लिलावात एकूण दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या, त्यातला मोठा भार आम्ही उचलला; ५जीतून खरा पैसा मिळण्याची आशा उद्योगांकडून आहे; तेच ग्राहक सरकारकडून थेट लहरी घेऊन निघून गेले तर आम्ही कोणाच्या भरवशावर गुंतवणूक करायची? यावर उद्योगांचे उत्तर असे, की खाणीत वा बंदरात हवे तसे जाळे वेळेत उभारून द्यायला मोबाइल कंपन्या तयार असत्या, तर आम्ही लहरी मागितल्याच नसत्या.

महसूल बुडण्याचा आक्षेप मला निम्मा पटतो. आवाराच्या भिंतींपुरत्या दिलेल्या लहरी भिंतीबाहेर मोबाइल कंपनीला वापरता येतात, त्यामुळे संपूर्ण पट्टा वाया जातो असे म्हणणे बरोबर नाही. पण पट्टा राखून ठेवला तर लिलावातला माल कमी होतो, हेही खरेच. शिवाय लिलावाविना लहरी देणे भारतात अगदीच नवे नाही. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ५ मेगाहर्ट्झ स्थानकांतील व गाड्यांतील सुरक्षेसाठी आणि संपर्कासाठी दिले, आणि शुल्क स्वतःच्या वापरासाठीच्या सूत्राने आकारायचे ठरले. रेल्वेचे ४जी जाळे हेही खासगी जाळेच आहे. रेल्वे सरकारी आहे आणि प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून तिला वेगळा न्याय, हा युक्तिवाद समजू शकतो. सूत्राने दर ठरवणे आपल्या व्यवस्थेला अशक्य आहे, हा युक्तिवाद मात्र त्यामुळे टिकत नाही.

अदानींच्या व्यवहाराकडे या पार्श्वभूमीवर पाहिले की तो फारसा गूढ राहत नाही. थेट वाटप सुरू झालेले नसताना स्वतःच्या नावे लहरी हव्या असतील तर मोबाइल कंपन्यांबरोबर लिलावात उतरणे हाच मार्ग होता. तिथे परवडणारा पट्टा होता २६ गिगाहर्ट्झचा. या लहरी प्रचंड वेग देतात, पण फार लांब जात नाहीत, भिंत आडवी आली की अडतात, आणि त्यांवर चालणारी औद्योगिक उपकरणे मोजकीच आहेत. कंटेनरच्या पोलादी भिंती रचलेल्या यार्डात त्या कितपत उपयोगी पडणार? शिवाय लिलावातल्या लहरींबरोबर ठरावीक मुदतीत जाळे उभारण्याची बंधने येतात, ती आवारापुरत्या वापराला सोयीची नाहीत. समूहाने नेमका कशामुळे निर्णय घेतला हे त्याचे त्याला ठाऊक, पण नियमांची ही चौकट त्याला अनुकूल नव्हती एवढे नक्की.

आपले जाळे म्हणजे सुरक्षित जाळे का?

काही अंशी. वाय-फायचा पासवर्ड एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तसे सिमचे होत नाही. प्रत्येक उपकरणाची ओळख स्वतंत्रपणे पटवली जाते आणि माहिती आवाराबाहेर न जाण्याची सोय असते. पण मोबाइल कंपनीकडे जाळ्यावर रात्रंदिवस नजर ठेवणारी माणसे असतात. कारखान्याच्या आयटी विभागात असतात दोघे-तिघे, आणि त्यांच्यामागे प्रिंटरपासून पगारपत्रकापर्यंत सगळेच. कोअरच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती वेळच्या वेळी केली नाही, तर स्वतःचे जाळे सार्वजनिक जाळ्याहून जास्त धोकादायक ठरू शकते. जाळे घेताना ते चालवणार कोण, याचा करार आधी वाचावा.

बाजार खरोखर वाढतो आहे का?

वाढतो आहे, पण जाहिरातीत दिसतो तसा नाही. दूरसंचार उपकरण उत्पादकांच्या जागतिक संघटनेच्या नोंदीत खासगी ४जी-५जी जाळी घेतलेल्या ग्राहकांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली आहे. त्यांत कारखाने आघाडीवर आहेत, आणि देशांमध्ये अमेरिका, जर्मनी, ब्रिटन, जपान ही नावे वर येतात, म्हणजे जिथे स्थानिक लहरी सहज मिळतात तेच देश. बाजाराच्या रकमेचे अंदाज मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी फक्त उपकरणे मोजतो, कोणी सॉफ्टवेअर आणि देखभालही धरतो, कोणी मोबाइल कंपन्यांनी काढून दिलेले हिस्सेही त्यात मिळवतो. अमुक साली इतके अब्ज डॉलर, असे वाक्य दिसले की आधी व्याख्या शोधावी.

उलट दिशेच्या खुणाही आहेत. ॲमेझॉनने २०२२ मध्ये मोठा गाजावाजा करून सुरू केलेली ‘एडब्ल्यूएस प्रायव्हेट ५जी’ सेवा मे २०२५ मध्ये बंद केली. मायक्रोसॉफ्टनेही आपली खासगी ५जी कोअरची सेवा त्याच वर्षी गुंडाळली. ऑनलाइन मागवा, पेटी येईल, सिम घाला आणि सुरू करा, ही कल्पना ऐकायला छान होती. पण प्रत्येक आवाराच्या भिंती वेगळ्या, यंत्रे वेगळी, लहरींचे नियम वेगळे. अँटेना कुठे लावायचे हे प्रत्यक्ष जाऊन, मोजमाप करूनच ठरवावे लागते. हा धंदा सॉफ्टवेअरपेक्षा बांधकामाच्या जवळचा आहे. एकसारखी वस्तू लाखोंना विकून नफा कमावणाऱ्या कंपन्यांना तो मानवला नाही, यात नवल नाही.

छोट्या उद्योगाने काय करावे?

एमआयडीसीतल्या मध्यम युनिटच्या मालकाने आज घाई करण्याचे कारण दिसत नाही. आधी संपर्क तुटल्यामुळे महिन्यातून किती वेळा आणि किती मिनिटे काम थांबते याची नोंद ठेवावी. ती नोंद बहुतेक ठिकाणी नसतेच. तुटण्याचे कारण वाय-फायची चुकीची आखणी असेल, तर ती सुधारणे केव्हाही स्वस्त. फिरती यंत्रे पुष्कळ असतील, आवार उघडे आणि पसरट असेल किंवा थांबलेल्या प्रत्येक मिनिटाची किंमत हजारांत जात असेल, तर मोबाइल कंपनीकडून आवारापुरते जाळे उभारून घेण्याची वाट आजही खुली आहे. किमान दोघांकडून दरपत्रक घ्यावे, ४जीवर भागते का हे विचारावे आणि वर पाठवण्याचा वेग, संपर्क तुटल्यास भरपाई व करार संपल्यावर सिम आणि उपकरणांचे काय होणार, हे तीन मुद्दे लिखित स्वरूपात मागावेत. शंभर कोटींची अट शिथिल होऊन औद्योगिक वसाहतींनी एकत्र मिळून लहरी घेण्याची सोय झाली, तर हिशेब नव्याने मांडता येईल. पण तशी तरतूद सध्याच्या चार वाटांमध्ये नाही.